ओढण्याचे बळ आणि आवरण्याचे बळ

बडोद्याच्या जुन्या आठवणी निघाल्या म्हणजे एक गोष्ट हमखास सांगितली जाते आणि ती ऐकून तरुण मंडळी हमखास हसतात. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, डभोई व मियागाम यांच्या दरम्यान अरुंद मापाचा लोहमार्ग सुरू झाला. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. देशी संस्थानाच्या मालकीचा हा हिंदुस्थानातील पहिलाच लोहमार्ग होय. परंतु या मार्गावरील डबे ओढीत असत ते बैल! खाली रूळ, वर डबे आणि पुढे माना हलवीत चाललेले बैल, हे चित्र डोळ्यांसमोर आणले की आजच्या मुलांना मोठी गंमत वाटते. आगगाडी आणायची आणि तिला बैल जुंपायचे, हा कसला व्यवहार, असे ती विचारतात.

वास्तविक यात हसण्याजोगे फारसे काही नाही. वाफेचे इंजिन म्हणजे काय, हे त्या वेळच्या बडोदेकरांस ठाऊक नव्हते असे नाही. मुंबई, बडोदे व मध्य हिंदुस्थान रेल्वे कंपनीच्या रुंद मार्गावर त्याच सुमारास इंजिने बडोद्यापर्यंत धावू लागली होती. डभोईच्या मार्गाची अडचण निराळी होती. तेथे घातलेले रूळच इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना पेलला नसता. पुढे १८७३ साली हा मार्ग नव्याने, मजबूत असा बांधून काढण्यात आला आणि १८८० पासून त्यावर वाफेच्या इंजिनांचा नियमित वापर होऊ लागला. तात्पर्य, जोवर खालचा रूळ दुबळा होता, तोवर पुढे बैल असणे हेच शहाणपणाचे होते.

या गोष्टीतून जो नियम निघतो, तो आगगाडीपुरता नाही. ओढणाऱ्याचे बळ किती, एवढ्या एकाच प्रश्नावर कोणतीही गाडी सुखरूप चालत नाही. ज्यावरून ती चालायची, ज्याने ती जोडायची, ज्याने ती पेलायची आणि ज्याने ती थांबवायची, त्या सर्वांमध्ये जे सर्वांत दुबळे असेल, त्याचेच माप साऱ्या गाडीचे माप ठरते.

हे सारे आठवण्याचे कारण म्हणजे दांडिया बाजारातील एका भगिनीचे आलेले पत्र. त्यांचे चिरंजीव अमेरिकेत, कोलोराडो राज्यातील डेन्व्हर शहरी असतात. येत्या उन्हाळ्यात आईवडील तिकडे जाणार म्हणून त्यांना रॉकी पर्वत दाखवावयाचा बेत चिरंजीवांनी आखला आहे. त्यासाठी ते एक ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ घेणार आहेत. ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचे घर. त्यात निजावयाच्या बाकापासून स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर येथपर्यंत सर्व सोय असते. मात्र त्याला स्वतःचे इंजिन नसते. ते आपल्या पिकप ट्रकच्या मागे जोडून ओढीत न्यावयाचे असते. चिरंजीव म्हणतात, “आई, आपला ट्रक पाच हजार किलो ओढतो. ट्रेलर तीन हजारांच्या आतबाहेर. काळजीचे कारणच नाही.” यावर या भगिनी लिहितात, “मला यंत्रातले काही कळत नाही. परंतु सोबत नातू असणार आणि रस्ता डोंगरातला. मुलाचे म्हणणे बरोबर आहे ना, एवढे कळले तर मन स्वस्थ होईल.”

भगिनींची शंका अगदी रास्त आहे आणि ती विचारावयास यंत्रशास्त्र शिकलेले असावे लागत नाही. बडोद्याच्या मराठी घरांतून परदेशी गेलेली मुले आता किती तरी आहेत, आणि आईवडील तिकडे गेले की असे बेत ठरतात. म्हणून या पत्राचे उत्तर खासगीरीत्या न देता येथे सविस्तर देत आहे.

प्रथम त्या पाच हजारांचा विचार करू. हा आकडा खोटा नसतो. अमेरिकेतील बहुतेक मोटार कारखाने तो आता एका ठरलेल्या कसोटीवरून काढतात. ॲरिझोना राज्यात डेव्हिस डॅम नावाच्या धरणाजवळ सुमारे अठरा किलोमीटरची एक लांब चढण आहे. भर उन्हाळ्याच्या तापमानात, ट्रेलर ओढीत ती चढण चढताना वेग एका ठराविक मर्यादेच्या खाली येता कामा नये, अशी ती कसोटी. तिच्यात उतरलेला ट्रक तेवढे वजन ओढतो याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. परंतु कसोटीच्या वेळी ट्रकमध्ये माणसे किती धरतात? एक चालक आणि एक सोबती, प्रत्येकी ६८ किलोंचे. मागच्या हौद्यात सामान जवळजवळ नाहीच. याचा अर्थ, ज्या ट्रकमध्ये आई, वडील, सून, नातू, पेट्या आणि खाण्याचे डबे आहेत, त्या ट्रकची ती कसोटी नव्हेच. जाहिरातीतील आकडा हा ट्रकचे जास्तीत जास्त ओढण्याचे बळ सांगतो. तो ट्रक आपल्या पाठीवर किती पेलू शकेल, हा प्रश्न त्यात सुटत नाही.

ट्रेलरच्या आकड्याचेही तसेच. विक्रेता जे वजन सांगतो, ते बहुधा ‘कोरडे’ वजन असते; म्हणजे टाकीत पाणी नाही, शेगडीचा गॅस नाही, कपाटात भांडी नाहीत, गाद्यांवर पांघरुणे नाहीत. चाळीस गॅलनांची पाण्याची टाकी भरली की तेवढ्यानेच दीडशे किलो वाढतात. आपल्या घरच्या सामानसुमानाचे वजन कोणी करीत नाही म्हणून ते हलके वाटते. एकदा काट्यावर घातले की डोळे उघडतात. यास्तव हिशेब करावयाचा तो कोऱ्या ट्रेलरचा नव्हे, भरलेल्या ट्रेलरचा. तो भरून कमाल किती किलोंपर्यंत जाऊ द्यावा, हे त्याच्या बाहेरील पट्टीवर छापलेले असते.

आता खरा कळीचा आकडा पाहू. तो जाहिरातीत नसतो, ट्रकच्या दारात असतो. चालकाच्या बाजूचे दार उघडले की चौकटीवर टायरांच्या माहितीचा एक लहानसा कागद चिकटविलेला दिसतो. माणसे आणि सामान मिळून अमुक किलोंहून अधिक भार या गाडीत घालू नये, असे त्यावर लिहिलेले असते. हा आकडा त्या जातीच्या सर्व ट्रकांचा नसून त्या एकाच ट्रकचा असतो. ज्या ट्रकवर जास्त सुखसोयी बसविल्या, त्याचे स्वतःचे वजन वाढलेले असते आणि तेवढाच त्याचा पेलण्याचा आकडा घटलेला असतो. म्हणून शेजाऱ्याचा तसाच ट्रक काय पेलतो, यावरून आपला हिशेब करू नये.

या पेलण्याच्या आकड्यात ट्रेलरचा काय संबंध, असे कोणी विचारील. ट्रेलर मागे ओढला जातो हे खरे, पण तो आपल्या पुढच्या दांडीने ट्रकच्या मागच्या टोकावर टेकलेलाही असतो. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग या दांडीवाटे ट्रकवर येतो, आणि तो यावाच लागतो. का, ते पुढे सांगतो. हा दांडीचा भार ट्रकच्या दृष्टीने हौद्यात ठेवलेल्या सामानासारखाच आहे.

उदाहरणादाखल आकडे मांडू. समजा, दारातील कागदावर ७०० किलो लिहिले आहे; पुष्कळ कौटुंबिक पिकप ट्रक याच्या आसपास असतात. ट्रेलर भरून ३,२०० किलोंचा झाला. त्याच्या तेरा टक्के म्हणजे दांडीचा भार ४१६ किलो. गाडीत चिरंजीव ७८ किलो, सूनबाई ६२, वडील ७२, आई ५८ आणि आपल्या बैठकीसह नातू ३०. एकूण ३०० किलो. ट्रक आणि ट्रेलर यांना जोडणारे मजबूत लोखंडी साहित्य ४५ किलो. हौद्यात खुर्च्या, बर्फाची पेटी, लाकडे, हत्यारे मिळून ९० किलो. बेरीज करा: ८५१ किलो. मर्यादा होती ७०० ची. ज्या ट्रकचे ओढण्याचे बळ पाच हजार, तो ३,२०० किलोंचा ट्रेलर ओढताना १५१ किलोंनी अधिक लादला गेला! चिरंजीवांचे गणित चुकले नव्हते; त्यांनी निराळ्याच आकड्याचे गणित केले होते.

अधिक लादलेल्या ट्रकचे काय होते? तो जागच्या जागी मोडून पडत नाही, आणि म्हणूनच फसगत होते. मागचा आस दबतो, नाक वर होते, पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड सैल पडते. सुकाणू आणि ब्रेक यांची पुष्कळशी मदार तर पुढच्या चाकांवर. मागचे टायर तापतात. सपाट रस्त्यावर, सावकाश चालीत, हे काहीच जाणवत नाही. जाणवते ते अवघड वळणावर किंवा कोणी अचानक आडवे आले तर. आणि त्या वेळी उपाय करावयास सवड नसते.

मग बेत मोडावयाचा काय? मुळीच नाही. हौद्यातील सामान ट्रेलरमध्ये चाकांच्या वर ठेवावे, पाण्याची टाकी रिकामी न्यावी आणि मुक्कामी पोचल्यावर भरावी. तसे केले की आपल्या उदाहरणात बेरीज ७५३ वर येते. तरीही ५३ अधिकच. मग दोन मार्ग राहतात. आईवडिलांनी आणि एखाद्या स्नेह्याने दुसऱ्या मोटारीतून मागून यावे, की बेरीज ६२३ झाली. अथवा ट्रेलरच लहान घ्यावा. भरून २,३०० किलोंचा. त्याचा दांडीचा भार सुमारे २९९, माणसे ३००, साहित्य ४५, हौद्यात किरकोळ ४०, बेरीज ६८४. जेमतेम, पण मर्यादेच्या आत. याहून मोठाच ट्रेलर हवा असेल तर वरच्या वर्गाचा, अधिक पेलणारा ट्रक घ्यावा लागेल. येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. आई आणि वडील मिळून १३० किलो, हा या हिशेबातला मोठा आकडा आहे. ज्यांच्यासाठी सहल, त्यांचेच वजन हिशेबात धरावयाचे राहून जाते. कारण आईवडील म्हणजे भार, असे कोणत्या मुलाच्या मनात येईल? तेव्हा तो आकडा आईनेच आपण होऊन सांगावा हे उत्तम.

आता दांडीवर दहा ते पंधरा टक्के भार का हवा, ते पाहू. ज्यांनी लहानपणी गावी बैलगाडी भरताना पाहिली असेल, त्यांना हे शिकवावे लागणार नाही. पोती पुढे फार रचली तर बैलांच्या मानेवर जू रुतते आणि बैल दमतात. मागे फार रचली तर गाडी उलाळ होते. दांडी वर उचलते आणि जू गळ्याशी ताणले जाते. जाणता गाडीवान आधी चाकांवर वजन रचतो, मग दांडी हाताने उचलून पाहतो आणि मानेवर बेताचा भार राहील अशी शेवटची दोन पोती पुढेमागे सरकवतो. दहा ते पंधरा टक्क्यांचा नियम हे याच शहाणपणाचे आकड्यांतले रूप आहे.

फरक इतकाच की बैलगाडी उलाळ झाली तर ती थांबते. ट्रेलरचे वजन मागे पडले तर तो ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात शेपटासारखा डावीउजवीकडे झोकांड्या खाऊ लागतो. एखादा मोठा मालट्रक शेजारून वेगाने गेला, त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला, की सुरुवात होते. झोका एकदा वाढला की ट्रकलाही फरफटत नेतो. अशा वेळी चालकाचा पहिला आवेग जोरात ब्रेक दाबण्याचा किंवा सुकाणू फिरवून झोका मोडण्याचा असतो, आणि दोन्हींनी संकट वाढते. सुकाणू सरळ धरावे, वेग देणाऱ्या पट्टीवरून पाय हळूच काढावा आणि ट्रकमधून केवळ ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येतात, ते लावावेत. म्हणजे ट्रेलर मागून ताणला जाऊन सरळ होतो. ट्रकच्या दोन्ही आसांवर भार सारखा वाटून देणारी आणि झोका आवरणारी जोडसामग्री मिळते. मोठ्या ट्रेलरला ती अवश्य वापरावी. मात्र तिने ट्रकची दारावरील मर्यादा वाढते असा गैरसमज करून घेऊ नये.

येथवर पेलण्याचा विचार झाला. याहून महत्त्वाचे आहे ते आवरणे. डेन्व्हर हे शहरच समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर आहे. तेथून पश्चिमेस जाणारा हमरस्ता आयझेनहॉवर बोगद्यापाशी अकरा हजार फुटांहून अधिक उंची गाठतो. आपला पावागड साधारण आठशे मीटरांचा. हा बोगदा त्याच्या चौपट उंचीवर. तेथे हवा विरळ. साध्या इंजिनाचे बळ दर हजार फुटांमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते, म्हणजे वर पोचेपर्यंत तिसरा हिस्सा बळ निघून गेलेले असते. ज्या इंजिनात हवा दाबून भरली जाते, त्याचे कमी घटते. चढताना ट्रक धापा टाकील, हळू चालेल, एवढेच. परंतु चढणीमागून उतरण येते आणि तेथे कित्येक किलोमीटर सलग उतार असतो. ब्रेक सुटलेल्या गाड्या शिरवून थांबविण्यासाठी त्या रस्त्याच्या कडेला खडी पसरलेल्या चढत्या वाटा मुद्दाम करून ठेवल्या आहेत. त्या वाटा शोभेसाठी बांधलेल्या नाहीत.

उतारावर ट्रेलर ओढावा लागत नाही, तोच ट्रकला ढकलतो. आपल्या उदाहरणातील ट्रेलर ३,२०० किलोंचा. कित्येकदा ट्रकचे स्वतःचे वजन याहून कमी असते. म्हणजे मागचा पुढच्याहून जड. सतत ब्रेक दाबून उतरू लागले तर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकडत नाहीत. म्हणून घाट उतरण्यास प्रारंभ करण्यापूर्वीच खालचा गिअर टाकून इंजिनानेच गाडी आवरावी आणि ब्रेक मधून मधून, थोडा वेळच लावावा. वेगाचेही भान हवे. गाडीत साठलेली शक्ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ऐंशीवरून एकशे दहावर गेले तर वेग दीडपटही होत नाही, पण आवरावयाची शक्ती जवळजवळ दुप्पट होते.

ट्रेलरला स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक असलेच पाहिजेत आणि ते ट्रकमधून चालविणारे यंत्र नीट जुळविलेले असले पाहिजे. शिवाय एक बारीक तार असते. दैवयोगाने जोड सुटला तर ती ओढली जाऊन ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. जोडाखाली दोन साखळ्या एकमेकींवरून तिरक्या लावतात, म्हणजे दांडी निसटली तरी रस्त्यावर न पडता त्या झोळीत अडकते. निघण्यापूर्वी या तिन्ही गोष्टी स्वतः हात लावून पाहाव्यात.

आवरणे किती मोलाचे आहे, याचे उदाहरण आपल्या बडोद्याच्या परिसरातच पाहावयास मिळते. येथील कारखान्यांत वीजवाहिन्यांसाठी लागणारी प्रचंड रोहित्रे तयार होतात. अनेक आसांच्या बुटक्या गाड्यांवरून ती बाहेर निघतात तेव्हा अशा गाडीच्या पुढे ओढणारा दमदार ट्रक असतोच. पण भार फार मोठा असला की मागेही एक ट्रक जोडतात. पाहणाऱ्यास वाटते, तो केवळ ढकलण्यासाठी आहे. चढणीवर तो ढकलतो खरा. उतारावर मात्र तोच मागून धरून ठेवतो. हा व्यवसाय ज्यांच्या हाडीमाशी खिळला आहे, ते ओढण्याइतकाच आवरण्याचा खर्च करतात, यातच सर्व आले.

आता कागदावरचा हिशेब कितीही चोख केला तरी तो अंदाजच. खरे वजन काटाच सांगतो. अमेरिकेतील हमरस्त्यांवर मालट्रकांच्या थांब्यांपाशी वजनकाटे असतात आणि थोडक्या पैशांत प्रत्येक आसाचे वेगवेगळे वजन कागदावर छापून मिळते. प्रवासाच्या आधी एक दिवस सर्व माणसे बसवून, टाकी भरून, सामान घालून नुसता ट्रक काट्यावर न्यावा. मग ट्रेलर जोडून, पण भार वाटणाऱ्या पट्ट्या सैल ठेवून, पुन्हा न्यावा. ट्रकच्या वजनात जी वाढ दिसेल, तोच दांडीचा भार. शेवटी पट्ट्या आवळून तिसऱ्यांदा वजन करावे आणि एकाही आसावर ठरलेल्या मर्यादेहून अधिक भार नाही, याची खात्री करून घ्यावी. तासाभराचे काम आहे.

टायरांकडेही लक्ष हवे. ट्रेलर वर्षातून दहा महिने उभा असतो. टायरांची नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर आतून जीर्ण होते. पाच-सहा वर्षांचे झालेले टायर दिसावयास चांगले असले तरी बदलावेत. हवा सकाळी, टायर थंड असताना, पट्टीवर लिहिलेल्या मापाची भरावी. चाकांचे नट पहिल्या पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. आणि एक गोष्ट विशेषतः ज्येष्ठांसाठी: मागे घरासारखी सोय आहे, बाक आहे, तर चालत्या प्रवासात तेथेच जाऊन आडवे व्हावे, असा मोह होईल. तसे कदापि करू नये. अनेक राज्यांत त्यास कायद्याने मनाई आहे. आणि मनाई नसली तरी ओढल्या जाणाऱ्या घरात बसणाऱ्यास ना पट्टा असतो, ना संकटात चालकास सांगण्याची सोय.

हा शेवटचा मुद्दा वाचून अमेरिकेची गोष्ट दूरची वाटणार नाही, कारण आपल्याकडे हीच गोष्ट रोज घडते. फक्त घरगाडीऐवजी ट्रॅक्टरची ट्रॉली असते. यात्रा असो वा वऱ्हाड, ट्रॉलीत सतरंजी टाकायची आणि पन्नास माणसे बसवायची, ही रीत खेड्यापाड्यांतून सर्रास दिसते. ट्रॅक्टर पन्नास माणसे सहज ओढतो, यात संशय नाही. त्यांचे वजन धान्याच्या पोत्यांहून कमीच भरते. परंतु ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात, जोड एका खिळीवर असतो, ट्रॅक्टर शेतात हळू काम करण्यासाठी घडविलेला असतो आणि ट्रॉलीत धरावयास काही नसते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी कानपूर जिल्ह्यात घाटमपूरजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या यात्रेकरूंची ट्रॉली तळ्यात उलटली. पंचवीसहून अधिक माणसे गेली, त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले होती. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी, माघी पौर्णिमेस, कासगंज जिल्ह्यात गंगास्नानास निघालेल्यांची ट्रॉली तशीच तळ्यात गेली. वीसहून अधिक जीव गेले. दोन्ही ठिकाणी ट्रॅक्टरचे ओढण्याचे बळ कमी पडले नव्हते. मालाच्या ट्रॉलीत माणसे नेण्यास कायद्याची मान्यता नाही, ती याचसाठी. आपल्या गावाकडील नातलगांत पुढच्या वेळी असा बेत निघाला तर घरातील वडीलधाऱ्यांनी बस ठरविण्याचा आग्रह धरावा. चार पैसे अधिक जातील, ते जाऊ द्यावेत.

आता दांडिया बाजारातील भगिनींसाठी थोडक्यात. चिरंजीवांस पत्राने वा दूरध्वनीवरून पाच गोष्टी विचाराव्यात. ट्रकच्या दारातील कागदावर किती किलो लिहिले आहेत? भरलेला ट्रेलर किती किलोंचा होईल? दांडीचा भार, माणसे आणि सामान यांची बेरीज किती झाली? ट्रेलरचे ब्रेक कोणी आणि केव्हा तपासले? आणि काट्यावरची चिठ्ठी कोठे आहे? यात मुलावर अविश्वास दाखविल्यासारखे होईल, असा संकोच नको. चिरंजीव विचारी दिसतात. आईवडिलांना पर्वत दाखवावेत असे ज्याला वाटते, त्याला हे प्रश्न बोचणार नाहीत. उलट, त्याने नेमका हाच कागद अजून वाचला नसण्याचा संभव अधिक आहे, कारण तो दाराच्या चौकटीत असतो आणि जाहिरात समोरच्या भिंतीवर असते.

बेरीज मर्यादेच्या आत आली तर निर्धास्तपणे जावे. नाही आली तर लहान ट्रेलर घ्यावा, किंवा दोन गाड्यांनी जावे. दुसऱ्या गाडीतूनही पर्वत तितकेच उंच दिसतात.